मिस्टर बीनच्या त्या छोट्या गाडीत एवढं काय आहे?

२०२५च्या सप्टेंबरात छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपासून ऑफिसच्या चहापर्यंत एकच चर्चा, की छोटी गाडी म्हणजे नक्की कुठली. सरकारी उत्तर सोपं आहे, लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५००. आता गंमत बघा, जगातली सगळ्यात गाजलेली छोटी गाडी, जिचं नावच मिनी, ती या हिशोबात छोटी बसतच नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या मिनी कूपर एसला दोन लिटरचं इंजिन आहे आणि तिची थोरली बहीण कंट्रीमन तर जवळजवळ साडेचार मीटर लांब.

पण आज बोलायचंय ते मूळ मिनीबद्दल. आपल्यातल्या बहुतेकांनी ती टीव्हीवर बघितलेली आहे, मिस्टर बीनची ती पिवळट हिरवी गाडी, बॉनेट काळं, आणि दाराला चक्क कडी-कुलूप. बघताना वाटतं की ही गाडी विनोदासाठीच घेतली असणार. पण ही गाडी १९५९ ते २०००, म्हणजे ४१ वर्षं, जवळपास त्याच आकारात बनत राहिली, ५३ लाखांच्या वर खपली, आणि १९९९मध्ये जगभरच्या जाणकारांनी शतकातली सगळ्यात महत्त्वाची गाडी निवडली तेव्हा फोर्ड मॉडेल टीच्या खालोखाल दुसरी आली. 'किती गोड दिसते' एवढ्यावर हे होत नाही. माझं मत विचाराल तर याचं मूळ एकाच निर्णयात आहे, इंजिन आडवं टाकायचं. बाकी फॅशन, रेसिंग वगैरे सगळं त्याच्या मागून आलं.

आधी सुएझचं भांडण

जुलै १९५६मध्ये इजिप्तच्या नासेरने सुएझ कालवा ताब्यात घेतला, त्यावरून ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएलने लढाई केली, आणि त्या भानगडीत कालवा बंद पडला. ब्रिटनचं बरंचसं तेल त्याच वाटेने यायचं. डिसेंबरपासून तिथे पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं, ते मे १९५७पर्यंत चाललं. मग लोकांनी काय केलं, तर बबल कार घ्यायला सुरुवात केली. म्हणजे इवलीशी फुगीर गाडी, मोटरसायकलचं इंजिन, बसायला दोन माणसं. त्यातली इसेटा तर अशी की तिचं दार पुढून उघडायचं, स्टिअरिंगसकट. पेट्रोल कमी प्यायच्या, पण फॅमिलीसाठी काही कामाच्या नाहीत.

ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन (बीएमसी), म्हणजे ऑस्टिन आणि मॉरिसची १९५२ची एकत्र कंपनी, तिचे प्रमुख होते लेनर्ड लॉर्ड. त्यांना या बबल कारचा भयंकर राग. त्यांनी फर्मान काढलं की या गाड्या रस्त्यावरून हटवायच्या, आणि त्यासाठी एक खरीखुरी छोटी कार बनवा. अट एकच, इंजिन कंपनीकडे आहे त्यातलंच वापरायचं, कारण नवीन इंजिन बनवायला ना वेळ ना पैसा. (ती इसेटा ज्यांनी हजारोंनी बनवली त्यात मोठं नाव बीएमडब्ल्यूचं. पुढे १९९४मध्ये मिनीची मालकी कोणाकडे गेली? बीएमडब्ल्यूकडे. लॉर्डसाहेब तोवर हयात नव्हते ते बरंच झालं.)

काम मिळालं अ‍ॅलेक इसिगोनिसला. जन्म १९०६चा, आज ज्याला इझमीर म्हणतात त्या तुर्कस्तानातल्या स्मर्ना शहरातला, वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, आई जर्मन. तिथल्या युद्धात घरदार सोडावं लागलं आणि पोरगा इंग्लंडला आला. इंजिनिअरिंगच्या परीक्षेत गणितात तीनदा नापास. त्याने आधी मॉरिस मायनर बनवून नाव काढलं होतंच. स्वभावाने हट्टी, हाताने भराभर स्केच काढायचा आणि सहकाऱ्यांनी ते प्रत्यक्षात आणायचं.

आडवं इंजिन म्हणजे नक्की काय

जुन्या गाड्यांत इंजिन उभं असायचं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने. त्याच्या मागे गिअरबॉक्स, त्याच्या मागे गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांबलचक शाफ्ट, कारण गाडी मागच्या चाकांनी ढकलली जायची. मुंबईत ज्यांनी काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनीतून प्रवास केलाय त्यांना हा शाफ्ट चांगला माहितीये, नाव माहिती नसलं तरी. मागच्या सीटवर मधे बसलेल्या माणसाच्या पायाखाली जो उंचवटा यायचा, आणि त्याला गुडघे फाकवून दोन्हीकडे पाय ठेवून बसावं लागायचं, तो उंचवटा त्या शाफ्टसाठी होता. पद्मिनी जवळजवळ चार मीटर लांब, पण त्यातला मोठा भाग यंत्राचाच.

इसिगोनिसने ठरवलं की गाडी दहा फूट लांब, त्यात चार माणसं नीट बसली पाहिजेत, वर थोडं सामान. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. आता यात इंजिन उभं ठेवलं तर माणसांना जागाच उरत नाही. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत कॉट मधोमध लांबीला टाकली की बाकीच्यांनी तिरकं होऊन चालायचं, तीच कॉट भिंतीला लावून आडवी टाकली की खोली एकदम मोकळी. त्याने तेच केलं, इंजिन ९० अंशात फिरवून आडवं बसवलं, त्याची ताकद पुढच्याच चाकांना दिली, त्यामुळे मागे जाणारा शाफ्टच गेला आणि तळ सपाट झाला.

पण गिअरबॉक्सचं काय? आडव्या इंजिनाच्या शेजारी तो ठेवायला रुंदीत जागा नव्हती, गाडी रुंदीला जेमतेम १.४ मीटर. मग तो इंजिनच्या खाली टाकला, ऑइल साठतं त्या भांड्यातच. इंजिन आणि गिअर दोघांना एकच ऑइल. बाइकवाल्यांना यात नवल वाटणार नाही, आपल्या बहुतेक मोटरसायकलींत आजही असंच असतं, पण चार चाकीत हे धाडस होतं. गाडीच्या तळाचा अंदाजे ८० टक्के भाग माणसं आणि सामान यांना मिळाला, असं मिनीबद्दल नेहमी सांगतात, आणि आत बसलेली उंच माणसं ते मान्य करतात.

अजून एक अडचण होती आणि ती सहसा कोणी सांगत नाही. पुढची चाकं वळतात पण. वळणाऱ्या चाकाला ताकद पोचवायची तर मधला सांधा असा पाहिजे की चाक कितीही वळलं तरी फिरण्याचा वेग एकसारखा राहील, नाहीतर स्टिअरिंगला झटके बसतात. या सांध्याला सीव्ही जॉइंट म्हणतात. आतमध्ये खोबणीत फिरणारे स्टीलचे गोळे असतात, वर ग्रीस आणि रबरी बूट, म्हणजे रबराचं आवरण. मिनीने हा सांधा लाखोंच्या संख्येत रोजच्या वापराच्या गाडीत आणला. तुमच्या घरी मारुती ८०० होती? मग गोल वळण घेताना चाकातून येणारा कट-कट-कट आवाज आठवत असेल, आणि मेकॅनिक खाली वाकून फाटलेला रबरी बूट दाखवून "साहेब, एक्सल गेला" म्हणाला असेल, तर तो गेलेला भाग हाच.

चाकं स्कूटरची, स्प्रिंग रबराची

चाकं मोठी असली की त्यांच्यासाठी आत फुगवटे काढावे लागतात आणि पुन्हा जागा जाते. म्हणून चाकं १० इंची. आपल्या बजाज चेतकची होती तेवढीच. तेव्हा कारसाठी एवढे लहान टायर मिळतच नव्हते, डनलॉपने खास बनवून दिले.

सस्पेन्शनचा प्रश्न त्याहून अवघड. गाडीचं वजन ६०० किलोच्या आसपास, त्यात चार माणसं बसली की पावणेतीनशे-तीनशे किलो वाढले, म्हणजे जवळपास निम्म्याने जास्त. साधी स्प्रिंग एकटा ड्रायव्हर असताना बरोबर बसवली तर चौघं बसल्यावर गाडी खाली टेकणार, आणि चौघांसाठी बसवली तर एकट्याची हाडं खिळखिळी होणार. यावर अ‍ॅलेक्स मोल्टन नावाच्या इंजिनिअरने रबराचे शंकू दिले, त्यांच्या घरचा धंदाच रबराचा. रबराची खुबी अशी की जेवढं दाबाल तेवढं ते जास्त कडक होत जातं, म्हणजे कमी वजनाला मऊ, जास्त वजनाला घट्ट, आणि जागा मूठभर. तरीपण मिनीची राइड आरामशीर होती असं कोणी म्हणणार नाही, खड्ड्यात दणका बसतोच.

पण त्याचा एक फायदा झाला जो बहुधा कोणी ठरवून केलेला नव्हता. चारही चाकं अगदी कोपऱ्यांत, गाडी बुटकी, सस्पेन्शन कडक, वजन पुढच्या ओढणाऱ्या चाकांवर, त्यामुळे वळणावर ही गाडी रस्त्याला अशी चिकटायची की मोठमोठ्या गाड्या मागे राहायच्या. पहिल्या नमुन्यात ९४८ सीसीचं इंजिन होतं, तो ताशी १४५ किलोमीटरपर्यंत गेला, सामान्य गिऱ्हाईकासाठी हे फार होतंय म्हणून इंजिन ८४८ सीसीचं केलं. स्वस्त फॅमिली कार जास्त पळते म्हणून तिची ताकद कमी करावी लागली, हे वाचून मला अजून हसू येतं.

पण हे सगळं आधी कोणी केलंच नव्हतं का?

केलं होतं. जर्मनीच्या डीकेडब्ल्यूने १९३१मध्येच आडव्या इंजिनची, पुढच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी काढली होती, पण ते दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. मिनीने चार सिलिंडरचं, नेहमीचं फोर-स्ट्रोक इंजिन तसं बसवून दाखवलं आणि तेही दहा फुटांत.

आणि दुसरीकडे, आजच्या स्विफ्ट, आय-ट्वेंटी वगैरे मिनीच्या थेट वंशज आहेत असं जे लोक लिहितात ते पण अर्धंच खरं. गिअरबॉक्स ऑइलच्या भांड्यात टाकायची युक्ती फारशी कोणी उचलली नाही. फियाटचे दान्ते जाकोसा यांनी १९६४च्या ऑटोबियांकी प्रिमुलामध्ये आणि मग १९६९च्या फियाट १२८मध्ये इंजिन आडवं आणि गिअरबॉक्स त्याच्या टोकाला, दोन चाकांचे शाफ्ट कमी-जास्त लांबीचे, अशी मांडणी केली, आणि जगाने ती उचलली. १९८३च्या मारुती ८००मध्ये पण तीच. म्हणजे रस्ता मिनीने दाखवला, गाडी फियाटच्या वाटेने गेली.

स्वस्त गाडी, पण गरिबाची नाही

२६ ऑगस्ट १९५९ला गाडी बाजारात आली, किंमत टॅक्ससकट ४९७ पौंडांच्या आसपास. ऑस्टिनच्या डीलरकडे ती ऑस्टिन सेव्हन आणि मॉरिसकडे मॉरिस मिनी-मायनर, गाडी तीच, फक्त जाळी आणि बिल्ला वेगळा. सुरुवातीला फार उठाव नव्हता. ज्यांच्यासाठी बनवली त्या साध्या नोकरदार माणसाला ती विचित्र वाटली, एवढ्या पैशात 'नीट' दिसणारी गाडी मिळत असताना ही डबी कोण घेणार.

मग ती लंडनच्या पैसेवाल्या आणि नाववाल्या लोकांनी उचलली. राजकन्या मार्गारेटचे पती लॉर्ड स्नोडन इसिगोनिसचे मित्र, त्यांच्याकडे होती. बीटल्सच्या चौघांकडे होत्या. नट पीटर सेलर्सने तर वेताच्या विणकामासारखी नक्षी रंगवून घेतली. फॅशन डिझायनर मेरी क्वांटने आपल्या आखूड स्कर्टला या गाडीचंच नाव दिलं. आता ही गाडी राजवाड्याबाहेर उभी असते आणि कारखान्याच्या गेटबाहेर पण, आणि बघून मालकाची ऐपत कळत नाही, हे ब्रिटनसारख्या दर्जा मोजणाऱ्या समाजात फार मोठं होतं.

इथे मला टाटा नॅनो आठवल्याशिवाय राहत नाही. लांबी ३.१ मीटर, म्हणजे मिनीएवढीच, चार माणसं आरामात, इंजिनिअरिंग म्हणून हुशार. पण २००९मध्ये आली ती 'सगळ्यात स्वस्त कार' असा शिक्का घेऊनच, आणि आपल्याकडे दारात गाडी उभी करायची ती शेजाऱ्याने बघावी म्हणून, मग सगळ्यात स्वस्त कोण उभी करणार? २०१८मध्ये बंद झाली. हा शिक्का चुकला हे पुढे रतन टाटांनी पण मान्य केलं. मिनीचं नशीब असं की तिच्यावर तो शिक्का बसायच्या आतच ती फॅशन झाली. दोघींमध्ये बाकीही फरक आहेत, नॅनोचं इंजिन मागे होतं, आग लागण्याच्या बातम्या आल्या, पण मला मुख्य फरक हाच वाटतो.

मॉन्टे कार्लो आणि हेडलाइटचं प्रकरण

जॉन कूपर, ज्यांच्या टीमने १९५९ आणि १९६०ची फॉर्म्युला वन चॅम्पियनशिप जिंकली होती, त्यांना या गाडीत रेसिंग दिसलं. इसिगोनिसला नाही दिसलं, त्याच्या मते ती जनतेची गाडी. पण १९६१मध्ये मिनी कूपर आली आणि १९६३मध्ये कूपर एस. मॉन्टे कार्लो रॅली म्हणजे बर्फातले, घाटातले वळणदार रस्ते. १९६४मध्ये पॅडी हॉपकर्कने ती मिनीत जिंकली, दुसऱ्या नंबरला ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिनवाली फोर्ड फाल्कन. खरं सांगायचं तर तेव्हा इंजिनच्या आकारावरून गुण कमी-जास्त करायचा नियम होता आणि त्याचा मिनीला फायदा झाला, पण बर्फात एवढ्या राक्षसाच्या जवळपास राहणं हीच कमाल होती. १९६५मध्ये टिमो मॅकिनेन, १९६७मध्ये राउनो आल्टोनेन.

आणि मधलं १९६६? त्या वर्षी पहिले तिन्ही नंबर मिनीचे. तपासणीत काढलं की हेडलाइटचे बल्ब नियमात बसत नाहीत, तिघांना बाद केलं, आणि विजेता ठरली फ्रेंच सिट्रोएन. फ्रान्सच्या अंगणातली रॅली, ब्रिटिश गाड्या बाद, फ्रेंच गाडी पहिली, ब्रिटिश पेपरांनी काय आरडाओरडा केला असेल विचार करा. जिंकली असती तर दोन दिवस बातमी झाली असती, हरवलं म्हणून साठ वर्षं लोक सांगतायत.

एवढी खपली तर कंपनी का बुडाली?

हा प्रश्न रास्त आहे. फोर्डने एक मिनी विकत घेऊन पूर्ण सुटी केली, एकेका भागाचा खर्च काढला, आणि निष्कर्ष काढला की बीएमसीला प्रत्येक गाडीमागे ३० पौंडांच्या आसपास तोटा होत असणार. कंपनीच्या लोकांनी ते मान्य केलं नाही, आणि महागड्या व्हर्जनवर पैसे सुटत असणारच. पण किंमत खर्चावरून न ठरवता गिऱ्हाईक ओढण्यासाठी ठरवली होती आणि गाडीच्या आतलं सगळं नवीन, महाग. शिवाय एकच गाडी लाँगब्रिज आणि काउली अशा दोन कारखान्यांत, दोन नावांनी, दोन डीलरशिपमधून विकायची. १९६८मध्ये बीएमसी ब्रिटिश लेलँडमध्ये गेली, १९७५मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. त्यामुळे कंपनी एकट्या मिनीने बुडवली असं नाही, पण एवढ्या लाखो गाड्या विकून नवीन मॉडेल काढायला पुरेसे पैसे उरले नाहीत, हे त्या कंपनीचं कायमचं दुखणं. १९८०मध्ये मेट्रो नावाची नवी छोटी गाडी काढली, लोकांना वाटलं आता मिनी बंद. मेट्रो १९९८मध्ये संपली, मिनी तिच्यानंतर दोन वर्षं चालू होती.

गाडी म्हणून खरंच चांगली होती का?

सुरुवातीच्या गाड्यांत पावसात पाणी शिरायचं, तळाच्या पत्र्यांचा जोड उलटा पडला होता म्हणून, आणि इंग्लंडमध्ये पावसाला काय तोटा. त्यात इंजिनचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना करंट वाटणारा भाग, थेट पुढच्या जाळीमागे. नमुन्याच्या गाडीत तो आतल्या बाजूला होता, पण तेव्हा कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, पुढे यायचा आणि थंडीत त्यात बर्फ धरायचा, म्हणून इंजिन उलटं फिरवलं, तर हे झालं. पाऊस आला की पाणी उडून गाडी बंद. मालकांनी काढलेला उपाय मला फार आवडतो, भांडी घासायचा रबरी हातमोजा डिस्ट्रिब्युटरवर चढवायचा आणि त्याच्या बोटांची टोकं कापून एकेका बोटातून एकेक वायर बाहेर काढायची. बॉनेट उघडलं की आतून कोणीतरी हात दाखवतंय.

गंज पण खूप. आणि सुरक्षिततेत आजच्या मापाने ती कुठेच बसत नाही, तुमच्या गुडघ्यात आणि समोरच्या ट्रकमध्ये एक इंजिन आणि थोडा पत्रा. म्हणून 'पूर्वीच्या गाड्या मजबूत' म्हणणाऱ्या काकांचं मिनीच्या बाबतीत ऐकू नका.

मग आजची मिनी ही मिनी आहे का?

बीएमडब्ल्यूने २०००मध्ये रोव्हर कंपनी (ब्रिटिश लेलँडचंच पुढचं रूप) विकली पण मिनीचं नाव ठेवून घेतलं, आणि २००१मध्ये नवीन गाडी आणली. ती ३.६ मीटरची, आताची साध्या दारांची कूपर पावणेचारच्या पुढे. कंट्रीमन जर्मनीत लायपझिगला बनते, इलेक्ट्रिक कूपर चीनमध्ये. चालवायला झकास आहेत, वळणावर तो जुना चटपटीतपणा बराच टिकवलाय, गोल डोळे तेच. वाढण्याची कारणंही खरी आहेत, एअरबॅग, धडक सोसणारी जागा, एसी, बॅटरी, हे सगळं दहा फुटांत कसं बसणार. पण जुनीचा मुद्दा 'कमी जागेत जास्त माणसं' हा होता, नवीनचा मुद्दा 'जास्त पैशात जुनी आठवण' हा आहे, आणि मागच्या सीटवर बसलात तर दोन्हींतला फरक गुडघ्यांना कळतो. त्या अर्थाने इसिगोनिसचा खरा वारसा मला वॅगनआरमध्ये जास्त दिसतो. हे मिनीच्या चाहत्यांना पटणार नाही, माहितीये.

परदेशात राहणाऱ्यांना जुनी घ्यायची हौस असेल तर सुटे भाग आजही मिळतात, इंग्लंडमध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज पूर्ण नवी बॉडीसुद्धा बनवून देतं. घेताना बॉनेटच्या आधी खालचा पत्रा आणि सबफ्रेम, म्हणजे इंजिन आणि चाकं धरून ठेवणारी चौकट, टोचून बघा, गंज तिथून सुरू होतो. आणि ती किती जुनी आहे ते ओळखायचं असेल तर दारं बघा. बिजागऱ्या बाहेरून दिसत असतील आणि काचा खाली जाण्याऐवजी बाजूला सरकत असतील, तर ब्रिटनमधली ती गाडी बहुतेक १९६९च्या आधीची. काच खाली जातच नसल्यामुळे त्या दारांच्या आत मोठा पोकळ खण आहे, त्यात पाण्याच्या बाटल्या, छत्री, भाजीची पिशवी सगळं मावतं.